माघारी आलेला डबा

कोणीही काही सांगू लागले की आमच्या समोरचे वकीलकाका चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “बघितलंस का ऐकलंस?” ‘ऐकलं’ असे उत्तर आले की चष्मा नाकावर उतरे आणि वर्तमानपत्र पुन्हा उघडे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, तर तिथे अफवा फार काळ जगत नाहीत हे तुम्ही पाहिले असेल. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी त्यांच्या कट्ट्यावर शिकले.

ते वकील होते आणि माझ्या वडिलांचे बालमित्र. त्यांचा युक्तिवाद कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाडीपर्यंत ऐकू येई. वडिलांचे लेथचे वर्कशॉप आणि आमचे घर त्यांच्या अगदी समोर. रविवारी आमच्याकडून तांबड्या रश्श्याचा डबा पलीकडे जाई. रिकामा डबा परत द्यायचा नाही, म्हणून तो कधी शेंगदाण्याचे लाडू, कधी नुसती मूठभर साखर घेऊन येई.

पुढे परीक्षा देऊन ते थेट जिल्हा न्यायाधीश झाले. नेमणूक अर्थातच परजिल्ह्यात. गल्लीने त्यांना फेटा बांधला. वडील मात्र त्यांना ‘वकील’च म्हणत राहिले.

मग वर्कशॉपमागच्या बोळावरून वडील आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात दावा लागला. बोळ गेला असता तर माल आत आणायला वाटच उरली नसती. ज्या न्यायाधीशांपुढे तो दावा चालला, ते पूर्वी आमच्या वकीलकाकांच्याच हाताखाली काम शिकले होते, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. त्या दिवाळीत वकीलकाका सुटीवर आले. आईने नेहमीप्रमाणे डबा पाठवला. भर दुपारी, सगळी गल्ली बघत असताना, त्यांनी तो न उघडता स्वतः आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवला आणि पाठ फिरवून ते परत गेले.

“खुर्ची मिळाली की माणूस जातोय,” वडील म्हणाले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले.

निकाल आमच्या बाजूने लागला. चुलत्यांनी अपील केले नाही. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “डबा माघारी गेल्याला मी डोळ्यांनी बघितलाय. वशिला म्हणायला तोंड कुठं ऱ्हायलं?”

वकीलकाका निवृत्त होऊन परतले, तरी वडील रस्त्यापलीकडे बघत नसत. अखेर मीच जाऊन त्यांना विचारले, की निदान बाबांच्या कानात तरी कारण का सांगितले नाही.

“सांगितलं असतं तर त्याला रागाचं नाटक करावं लागलं असतं,” ते म्हणाले. “तुझ्या बाला नाटक येत न्हाय, पोरी. दोन दिसांत हसला असता, आन् गल्लीनं वळखलं असतं. तो बोलायचा थांबला, ती माझी शिक्षा. भोगली की.”

मी औषधांच्या चाचण्यांवर काम करते. कोणाला खरी गोळी मिळाली, हे तिथे रुग्णालाही कळू देत नाहीत. कळले तर निष्कर्षावर विश्वास उरत नाही. रुग्णाच्या बाबतीत हे मला पूर्ण पटते. मित्राच्या बाबतीत पटावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी ते सारे वडिलांना सांगितले. त्यांचे डोळे भरून येतील असा माझा अंदाज होता. त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि ते तरातरा समोर गेले.

“मला नाटक येत न्हाय? गल्लीच्या गणपतीत रावण कुणी केल्ता रं, वकिला?”

“म्हणूनच म्हणतोय. लोक हसून मेली हुती.”

गल्ली गॅलरीत आली. भांडण अंधार पडेपर्यंत चालले आणि दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पुन्हा सुरू झाले. पुढे ते रोजचेच झाले. सांगायला हवे होते, असे वडील म्हणत; नको होते, असे वकीलकाका म्हणत. दोघेही तसूभर मागे हटले नाहीत, आणि एकही दिवस चुकला नाही.

या उन्हाळ्यात वकीलकाका झोपेतच गेले. घाटावरून आल्यावर वडील वर्कशॉपमध्ये जाऊन बसले. यंत्र त्यांनी सुरू केले नाही. मी पाणी नेऊन दिले, ते त्यांनी हातात तसेच धरून ठेवले.

“कोर्टातबी शेवटचं आपणच बोलायचा,” ते म्हणाले. “माझं अजून व्हायचं हुतं.”