शेजारच्या भाऊंचा हुंकारा

गडचिरोली जिल्ह्यात आजवर जेवढ्या गोष्टी सांगितल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी आमच्या शेजारच्या निवृत्त वनरक्षकांमुळे पूर्ण झाल्या, असं म्हटलं तर तुम्हा दोघांना ती आजीची अतिशयोक्ती वाटेल. त्यातून या माणसाने स्वतः आयुष्यात एकही गोष्ट सांगितलेली नाही. ते फक्त हुंकारा देतात. आता हुंकारा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्याकडे परदेशात कुणी बोलत असताना बाकीचे गप्प बसतात आणि त्यालाच सभ्यपणा समजतात. आमच्या झाडीपट्टीत गोष्ट सांगायला बसलेला म्हातारा प्रत्येक वाक्यापाशी जरा थबकतो आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने 'हं' म्हणायचं असतं. 'हं' आला की गोष्ट पुढे सरकते. नाही आला, तर ऐकणाऱ्याला डुलकी लागली किंवा त्याचं मन उडालं असं समजून म्हातारा राजाला घोड्यावर तसाच सोडून उठून जातो. समोरचा ऐकत नसताना बोलत राहणं हा इकडे उद्धटपणा आहे.

भाऊंची (सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणते, मीही म्हणते) ही विद्या तयार झाली ती भामरागडच्या बाजूला नोकरीत असताना. तिकडे पावसाळ्यात नाले भरले की रस्ते बंद व्हायचे आणि हे आठ-आठ दिवस एखाद्या गावात अडकून पडायचे. तिथले म्हातारे गोंडीत गोष्टी सांगायचे. भाऊंना तेव्हा गोंडीतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण ते इतके योग्य जागी 'हं' म्हणायचे की म्हाताऱ्यांनी घरच्या माणसांना हुंकाऱ्याच्या कामावरून काढून टाकलं. "भाषा नाई समजली तरी चालते, बाई," ते मला म्हणाले होते. "मानूस कुठी थकला ते समजलं पाह्यजे."

निवृत्तीनंतर खाकी स्वेटर उतरला नाही आणि हुंकाराही गेला नाही. रोज सकाळी जंगलातला आपल्या राखणीचा हिस्सा, म्हणजे बीट, तपासावा तसे ते गल्लीची एक फेरी मारतात आणि माझ्या फाटकापाशी उभं राहून "बाई, तुमच्या लाइनीत सब ठीक हाय," असा अहवाल देतात. मग माझ्या ओसरीवर बसून रेडिओच्या बातम्यांना हुंकारा. माझ्या कुकरच्या शिट्टीला हुंकारा. बसस्थानकावर ध्वनिक्षेपकातून एटापल्लीची गाडी लागल्याचं सांगतात, त्यालाही हुंकारा, मग यांना जायचं कुरखेड्याला का असेना. त्यांचे जुने सोबती तर शपथेवर सांगतात की पाणवठ्यावर प्राण्यांची गणना करताना मचाणाखाली वाघ गुरगुरला, तेव्हा भाऊ वरून 'हं' म्हणाले आणि वाघाने आणखी थोडं गुरगुरून घेतलं. एका वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात कुठल्याशा अधिकाऱ्यांचं भाषण दहा मिनिटांचं ठरलेलं होतं. पहिल्या रांगेत भाऊ होते. साहेब दीड तास बोलले. उतरताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी आपलं ऐकलं असं त्यांना वाटलं असावं. रोपं मात्र उन्हाने माना टाकून पडली होती.

चाळीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे वर्गवारी केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी भाऊंच्या हुंकाऱ्यांचे पाच प्रकार वहीत लिहून ठेवले आहेत. पहिला आखूड, पुढे चला म्हणणारा. दुसरा लांब, हळूहळू खाली उतरणारा, बोलणाऱ्याच्या मनावर ओझं असेल तेव्हाचा. तिसरा शेवटाला वर जातो, चौथा दुहेरी आहे, आणि पाचवा नुसता नाकातला, कुकरसाठी राखलेला. या दुसऱ्या प्रकाराशी माझी ओळख तुमचे आजोबा गेले त्या दिवसांत झाली. भेटायला आलेले सगळे मला धीर देत होते, म्हणजे स्वतःच बोलत होते. भाऊ रोज सकाळी येऊन बसायचे. मी त्यांना दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसाची हकिगत सांगायचे, पहिल्या चहापासून डॉक्टरांनी मान हलवली तिथपर्यंत. तीच हकिगत, त्याच क्रमाने, तेरा दिवस. तेराही दिवस त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हुंकारा दिला. चौदाव्या दिवशी मला सांगावंसं वाटलं नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

त्यांची नात प्रज्ञा माझ्याकडे आली तेव्हा ही परतफेडीची संधी आहे असं मला वाटलं होतं. प्रज्ञा म्हणजे कुरखेड्याला दिलेल्या लेकीची मुलगी. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या करायची आणि आजोबांकडेच राहायची. गावोगावची लेकरं तपासून नुसते कागद भरायचे, पुढे काय करायचं हे कुणी ठरवायचं, असं तिच्या मनात घोळत होतं, आणि त्यापायी तिने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला होता. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, पण इंग्रजीची ती परीक्षा द्यायची अट होती: वाचणं, लिहिणं, ऐकणं, बोलणं, आणि चारही भागांत नऊपैकी निदान साडेसहा. एका भागात जरी कमी पडले तरी जागा दुसऱ्याला. भाऊंनी विद्यापीठाचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बाई, हे पोट्टी तुमच्या बीटात दिली," म्हणाले.

मी चार भागांच्या चार वह्या घातल्या, चार रंगांची कव्हरं चढवली, भिंतीवर वेळापत्रक लावलं. रोज संध्याकाळी पाच ते सात ओसरीवर अभ्यास. बोलण्याच्या परीक्षेत एक चिठ्ठी देतात, त्यावर विषय असतो. एक मिनिट विचार करायचा आणि मग दोन मिनिटं अखंड बोलायचं. मी स्वयंपाकघरातलं वाजणारं घड्याळ लावून चुका टिपत बसायचे. प्रज्ञा भाताच्या रोवणीवर बोलली, मोहाच्या फुलांवर बोलली, तिच्या आईच्या शिलाई मशीनवर तर इतकं सुंदर बोलली की घड्याळ वाजलं याचा मला राग आला. कोपऱ्यातल्या बाकावर भाऊ बसलेले असायचे. इंग्रजीतलं त्यांना काही कळत नव्हतं. पण गोंडी तरी कुठे कळत होती?

पहिल्यांदा नागपूरला परीक्षा देऊन आली आणि निकाल लागला, तेव्हा वाचणं सात, ऐकणं साडेसात, लिहिणं साडेसहा, आणि बोलणं पाच. मी तिला विचारलं, असं झालं तरी काय? "काई नाई, मॅडम," ती खाली मान घालून म्हणाली. "तीन वाक्यं बोलली, अन् बंद झाली. सगळं येत होतं. तोंडातून निघालंच नाई." मी तिच्या भीतीवर उपाय म्हणून वाक्यं जोडणाऱ्या चाळीस शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दीर्घ श्वासाचे व्यायाम सुरू केले. दुसऱ्या परीक्षेची तारीख मिळाली, पण तिला तीनच आठवडे होते, आणि विद्यापीठ त्या महिन्याच्या अखेरीपलीकडे थांबणार नव्हतं.

माझी चूक मला कळली ती भाऊ एका लग्नाला गेले त्या संध्याकाळी. मी चिठ्ठी दिली, घड्याळ लावलं. प्रज्ञाने पहिलं वाक्य म्हटलं आणि जराशी थांबली. दुसरं म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझी मान वहीत. तिसऱ्या वाक्यानंतर ती कोपऱ्यातल्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिली, आणि घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. इतके महिने ती दोन मिनिटं बोलत होती ती कुणाच्या जोरावर, ते मला तेव्हा दिसलं. नागपूरच्या परीक्षेत परीक्षक बाई समोर शिस्तीत गप्प बसल्या होत्या, आणि या मुलीला लहानपणापासून ठाऊक होतं की समोरच्याने 'हं' म्हटलं नाही तर आपण थांबायचं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंना हे सांगताना मी शब्द जपून वापरले, पण ते जंगलात चाळीस पावसाळे काढलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या बोलण्याला एकदाही हुंकारा दिला नाही. "म्हंजे माह्याच पायी पोट्टी फेल झाली," ते म्हणाले.

"तसं नाही, भाऊ. तुम्ही उद्यापासून अभ्यासाच्या वेळी घरी बसा, म्हणजे झालं."

"घरी काऊन? मी समोर बसतो. अन् चूप बसतो. माह्यासमोर बोलली, तर कोनासमोर बी बोलन."

वाघाला पाला खायला लावण्याइतकंच ते अवघड होतं. पहिल्या दिवशी त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण हुंकाऱ्याला ओठ लागत नाहीत हे आम्हाला तोवर सुचलं नव्हतं. तो नाकातून आला. दुसऱ्या दिवशी तोंडात पाण्याचा घोट धरून बसले. चौथ्या वाक्याला पाणी आणि हुंकारा एकदमच निघाले आणि माझी निळ्या कव्हराची वही भिजली. तिसऱ्या दिवशी नाकतोंड दोन्ही दाबून बसले, तेव्हा प्रज्ञा बोलायचं सोडून ओरडली, "आबाजी, श्वास घ्या, मरान ना." त्यावर ते म्हणाले, "तू बोलत राय. मी इथी मेलो तरी तू दोन मिनटं पुरी कर." पाचव्या-सहाव्या दिवशी आवाज बंद झाला, पण मान डोलायची. मान थांबली तेव्हा पायाचा अंगठा. आणि प्रज्ञा तिसऱ्या वाक्याशी थांबतच होती.

"तुम्ही असे बसले की मले वाटते, तुम्ही रागावले," ती एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली. "कोनी ऐकून नाई राह्यलं, तर कोनासाठी बोलू मी?"

भाऊ उठले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "माय, मी मचाणावर किती दिवस काढले माहीत हाय? सगळं जंगल चूप रायते. नव्या मानसाले वाटते, कोनीच नाई. पन हरिन ऐकून रायते, वानेर ऐकून रायते, झाडावरचा मोर ऐकून रायते. थे परीक्षेवाली मॅडम बी तशीच. तिचा हं हाय. तो पोटात हाय." मग त्यांनी तिचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. "बोल आता."

प्रज्ञा हसली, आणि हसतच बोलायला लागली. वाक्यागणिक ते पोट हाताखाली जरासं हलायचं. त्या दिवशी घड्याळ वाजलं आणि ती पुढे बोलतच राहिली. नंतरच्या दिवसांत तिने आधी हात काढला आणि मग पोटाकडे बघायचंही सोडलं. माझी चाळीस शब्दांची यादी तिने मला परत केली, नीट घडी घालून.

दुसऱ्या परीक्षेला नागपूरला आम्ही तिघंही गेलो. केंद्राबाहेर बाकावर भाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मी चहाचं विचारलं, पावसाचं विचारलं, उत्तर नाही, हुंकारा नाही. आत नात बोलत असताना बाहेर यांनी मौन धरलं होतं. ती बाहेर आली ती सरळ आजोबांपाशी. "आबाजी, त्या बाईचा चेहरा दगडासारखा होता," म्हणाली. "पन मले समजत होतं, ऐकून राह्यली म्हनून." निकाल आला: बोलणं सात. भाऊंनी माझ्या फाटकाशी येऊन "सब ठीक हाय," एवढंच सांगितलं, आणि मग उगाचच माझ्या जास्वंदीची वाळकी पानं तोडत बसले.

सप्टेंबरात ती गेली. भाऊंचा फोन बटणांचा, त्यामुळे दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल माझ्या फोनवर येतो. पहिल्या रविवारी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बाकावर ताठ बसले. ती सांगायला लागली: खोली लहान आहे, खिडकीतून एक झाड दिसतं, त्याचं नाव अजून कुणी सांगितलं नाही, जेवण फिकं आहे, पण एक तेलंगणातली मुलगी भेटली, तिच्याकडे लोणचं आहे. ती भराभर बोलत होती आणि भाऊ एकटक बघत होते. हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले, मानही स्थिर. सात-आठ वाक्यांनंतर ती थांबली. पडद्यावर नुसता तिचा चेहरा. "आबाजी," ती हळूच म्हणाली, "आता तरी हं म्हना ना."

मी म्हटलं, "भाऊ, परीक्षा झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि त्यांचा हुंकारा आला. लांब, हळूहळू खाली उतरणारा. तिकडे प्रज्ञाने डोळे पुसले आणि लोणच्यापासून पुढे सुरुवात केली.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनात धरून आहे. तुमचे फोन येतात तेव्हा माझी नजर घड्याळावर असते, कारण तुमच्याकडे उशीर होत असतो. मी अभ्यासाचं विचारते, जेवणाचं विचारते आणि तुमचं मराठी दुरुस्त करते. तुम्ही तीन वाक्यं बोलता आणि थांबता. तुम्हाला बोलायचा कंटाळा आहे, असं मी आजवर समजत होते. येत्या रविवारी जरा लवकर फोन करा आणि काहीतरी लांबलचक सांगा, इंग्रजीत सांगितलं तरी चालेल. वही मी बाजूला ठेवीन. भाऊंकडून थोडं शिकते आहे. पहिला प्रकार मला बऱ्यापैकी जमतो, दुसरा अजून कच्चा आहे.