चाळीस गुणांची वाटणी

हिलालभाऊची अट एकच होती. सुगंधाने कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरी खुशाल करावी, पण बाहेरच्या टेबलावर बसून. पडद्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.

"आठेच बसजो. मझार पोरं ऱ्हातस. माले रिक्षामाईन तुनं टेबल दिसाले जोयजे."

आणि टेबल दिसायचंच. भावाचा रिक्षा स्टँड क्लासच्या बरोबर समोर. भाडं घेऊन गेला की वीस मिनिटांत परत, आणि परतल्यावर पहिली नजर टेबलावर. धुळ्यात रिक्षावाले पुष्कळ, पण दिवसभर आरसा बहिणीकडे वळवून बसणारा हा एकच.

क्लास झुलाल नानांचा. आधी तिथे टायपिंग शिकवत, अठ्ठ्याण्णव साली तीन कॉम्प्युटर आले आणि धूळ नको म्हणून मध्ये जाड हिरवा पडदा लागला. धडा संपवलेल्या पोराला नाना अर्धा तास तलवारीचा खेळ खेळू देत. सुगंधाचं काम सह्या घेणं, चपला बाहेर काढायला लावणं आणि अर्धा तास झाला की घंटी मारणं.

खेळ तिने कधी पाहिला नव्हता. ऐकला मात्र रोज होता.

खेळायच्या आधी आपला वीर आपणच बनवायचा असे. चाळीस गुण मिळत, ते पाच खान्यांत वाटायचे: ताकद, चपळाई, दम, अक्कल, वाणी. पोरं तीस गुण ताकदीत ओतत आणि तलवार परजत निघत. पुढे एक पूल होता. पुलावरची म्हातारी तीन प्रश्न विचारी आणि वाकडं उत्तर दिलं की नदीत ढकली. मग पडद्याआडून तोच आवाज, "अरे, अरे, नाना, कीबोर्ड अडकला!" मेलेला प्रत्येक वीर कीबोर्ड अडकूनच मेला होता.

"ताकद किती दिली होती?" सुगंधा सही घेता घेता विचारी.

"तीस."

"आणि वाणी?"

"दोन. बोलायचं काय त्यात, ताई? मारायचंय."

"मग म्हातारी ढकलणारच. माझी आजी असती तर तिनेही ढकलला असता."

असं करत करत ती रजिस्टरच्या मागच्या पानांवर स्वतःच वीर बनवू लागली. माणसं गावातलीच. एसटी स्टँडवरचा चौकशीच्या खिडकीतला बाबू: दम वीस, वाणी एक, कितीही विचारा, मान वर करत नाही. मार्केटातली कांदेवाली पुष्पाबाई: वाणी अठरा, दम दहा. सुगंधा तिची नक्कल करून पोरांना गुण समजावी. कमरेवर हात, भुवई वर, "लेवानं शे का नुसता हात लावानं शे?" पोरं हसून टेबलावर पडत. पण 'पुष्पाबाई' घेऊन आत गेलेला पोरगा पूल ओलांडून गेला, पुढे त्याला वरचे गुणही मिळाले. त्या दिवशी नानांनीही घड्याळ पाहिलं नाही.

मग त्या कागदांच्या झेरॉक्स निघाल्या. अमळनेर, पारोळा, भुसावळ. एसटीच्या कंडक्टरच्या हातीही पाठवल्या जात. खाली फक्त 'सुगंधा, धुळे'.

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एक वीर तिने कुणालाच दिला नव्हता. ती एक बाई होती. वाणी पंधरा, अक्कल पंधरा, चपळाई पाच, ताकद तीन, दम दोन. हिला एकदा, एकदाच, आपल्या हाताने पुलापलीकडे न्यायचं होतं. वेळ फार नव्हता. यावलचं स्थळ पक्कं झालं होतं आणि शनिवारनंतर क्लास बंद, असं भावाने ठरवलं होतं.

शनिवारी दुपारी भुसावळजवळच्या दीपनगरहून लीलाधर नावाचा एक शिकाऊ टेक्निशियन आला. घामेजलेला, हातात झेरॉक्सची गुंडाळी.

"सुगंधा सरांना भेटायचं होतं."

पडद्याआड कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मीच," सुगंधा म्हणाली.

तो गडबडला. "माफ करा. मले वाटलं कोणी जाडजूड सर असतील. ताई, तुम्ही तो पूल कसा पार करता, तेवढं पाहायला आलो. दोन गाड्या बदलून."

सुगंधाने बाहेर पाहिलं. रिक्षा जागेवर नव्हती. नाना पंखा साफ करत होते. ते पाठ न वळवताच म्हणाले, "जा. मी काही पाहिलं नाही."

आत थंड आणि अंधारं होतं. तिने शेवटच्या पानावरचे आकडे भरले आणि ती बाई कॉम्प्युटरच्या काचेवर उभी राहिली. माउस सुगंधाने वाटीसारखा धरला होता. लीलाधरने दाखवल्यावर बाई चालू लागली. माळ, पायवाट, लांबवर पूल.

"आवाज का येत नाहीये?"

"चालताना कसला आवाज, ताई?"

कोपऱ्यातली एक निळी रेघ आखडत चालली होती. पूल अजून दूर होता. बाई थांबली, वाकली आणि वाटेतच पडली. ना म्हातारी, ना प्रश्न.

"ही कशाने मेली?"

"दम संपला. चालायला दम लागतो ना."

"हे मला कुणीच सांगितलं नाही."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्याजवळ चालण्यापुरता दम नेहमीच असे. चालताना कुणी ओरडत नसे. आणि जे ओरडून होत नाही ते पडद्याबाहेर कसं कळणार?

"पुन्हा खेळून बघा," लीलाधर म्हणाला.

तेवढ्यात बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तीनदा. मग पडदा बाजूला झाला.

"सुगंधा. घर चाल."

"हिलाल, पाच मिनिटं," नाना म्हणाले.

"नाना, तुमनी पोर ऱ्हाती तं?"

नाना पुन्हा पंख्याकडे वळले. सुगंधा उठली. बाहेर टेबलाशी येऊन तिने शेवटचं पान फाडलं, वाणीचे पंधरा खोडून दहा केले, दमाचे दोन खोडून सात केले आणि भावासमोरच पान लीलाधरच्या हातात दिलं.

"पुलापर्यंत न्या."

 रस्ताभर रिक्षाचा आरसा मागच्या सीटकडे वळवलेला होता.

बारा दिवसांनी क्लासच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं, ते भाऊच घेऊन आला. भावाने ते खाटेवर बसून, कोर्टाची नोटीस वाचावी तसं मोठ्याने वाचलं. "'ताईंना नमस्कार. बाई पुलावर पोचली. तिन्ही उत्तरं बरोबर आली, म्हातारी बाजूला झाली. पलीकडे दोन वाटा आहेत. एक जंगलात, एक किल्ल्यात. कोणती घेऊ? लीलाधर, दीपनगर.'" त्याने कार्ड उलटसुलट केलं. "हाई बाई कोन?"

"खेळातली."

"तिले कोनी भाऊ-बिऊ नही का? एकटी फिरी राहिनी."

चुलीपाशी कुंदावहिनीने पदर तोंडाला लावला. भाऊ उठला. मग ट्रंकेतून एक कोरं कार्ड काढून त्याने बहिणीपुढे ठेवलं.

"माना समोर लिख. वाट इचारनारले उत्तर देवाले जोयजे."

सुगंधाने 'जं' लिहिला.

"जंगल? बाईमानूसले? किल्ला लिख. किल्लाले भिंती ऱ्हातस, दरवाजा ऱ्हास."

'पुष्पाबाई'ला घेऊन आजवर तीन पोरं किल्ल्यात शिरली होती. तिघांनीही पडद्याबाहेर येऊन सही करता करता तिला एकच सांगितलं होतं, "दार आतून उघडत नाही, ताई." तिने भावाकडे पाहिलं. तो खरोखर त्या बाईच्या काळजीत पडला होता. तिने 'जं' खोडला आणि 'किल्ल्यात' लिहिलं.

भावाने दोनदा वाचलं, मान डोलावली आणि कार्डासाठी हात पुढे केला.

"खाली एक ओळ लिहू का?"

"काय?"

"पुढे जे गुण मिळतील ते सगळे दमात घाला."

त्याने तपासून पाहिलं. शब्द साधेच होते.

"लिख," तो म्हणाला. "त्यामा काय वाईट शे."