कोरगावच्या काजूवरचा गुरू

डिचोलीहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत कोरे कागद, दोन पेने आणि एक दुर्बीण होती. हद्दीच्या तक्रारीत मी स्थळपाहणीशिवाय अर्ज लिहीत नाही. या नियमाने माझी प्रतिष्ठा वाढली आहे; गिऱ्हाईक तेवढे वाढलेले नाही.

कोरगावच्या रुक्मिणबाईंनी मला बोलावले होते. त्यांच्या काजूबागेवर रोज दिवेलागणीला एक तेजस्वी दिवा येऊन उभा राहतो. तो शेजारी राहणाऱ्या दिराचा ड्रोन असून, बाग चोरून मोजून दीर ती दिल्लीवाल्यांना विकणार आहे, असे त्यांचे म्हणणे. मोप्याला विमानतळ झाल्यापासून पेडण्यात आकाशातल्या प्रत्येक दिव्याला मालक असतो. ताऱ्यांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही.

कंडक्टरने मला एक थांबा पुढे उतरवले. मी बसचा क्रमांक लिहून घेतला, तो हसला. घामाघूम होऊन पोहोचलो तेव्हा बाईंनी उंडो (कडक कवचाचा गोल पाव) आणि वाटाण्याची पातळ भाजी वाढली. भाजीविरुद्ध माझी तक्रार नाही.

संध्याकाळी मोप्याच्या बाजूने पौर्णिमेचा चंद्र वर आला आणि त्याच्या शेजारी तो दिवा. मी दुर्बीण लावली. दिव्याच्या दोन्ही अंगांना, एका रेषेत, चार बारीक ठिपके. मी तत्काळ लिहिले : एक मुख्य ड्रोन व त्याच्या ताब्यातील चार दुय्यम ड्रोन. असे कलम तालुक्यात दुसऱ्या कोणाला सुचले नसते.

दीर शांताराम, निवृत्त शिक्षक, गडग्यापलीकडून (दगडी कुंपण) सारे ऐकत होते. शिक्षकाला निवृत्त करता येते, गप्प करता येत नाही. तो गुरू ग्रह आहे, ठिपके त्याचे चंद्र आहेत, आपला चंद्र आज केवळ त्याच्या जवळ भासतो, प्रत्यक्षात अंतर अफाट आहे, असे त्यांनी समजावले. पृथ्वीला एक आणि गुरूला चार, हे वाटप कोणत्या कायद्याने, असे मी विचारले. चार हे नुसते मोठे, बाकीच्यांची मोजणी अजून चालूच आहे, असे उत्तर आले. मोजणी पुरी होण्याआधीच ताबा दिलेला दिसतो.

बाईंना चंद्रांचे काही पडले नव्हते. "मगे तो म्हज्याच काजूर कित्याक रावता?" (मग तो माझ्याच काजूवर का थांबतो?)

"वयनी, हांगा येवन पळय. म्हज्याय काजूर दिसतलो." (वहिनी, इकडे येऊन पाहा. माझ्याही काजूवर दिसेल.)

वाटणीनंतर अकरा वर्षे बाईंनी त्या अंगणात पाऊल ठेवले नव्हते. अंगणामागे दोघांच्या बागांची हद्द. काजूच्या हंगामाशिवाय बाई तो कोपराही पाहत नसत. गडग्याला वळसा घालून त्या गेल्या, मागून मी. गुरू खरोखरच मास्तरांच्या काजूवर होता. मास्तर प्रसन्न झाले. पाहत पाहत अंगणामागची हद्द ओलांडून आपल्या बागेत शिरताना बाईंना ठेच लागली. मी मोबाइलचा दिवा लावला. हद्दीपासून तीन काजू आत, बाईंच्या जमिनीत, ताजा तासलेला चिरा पुरलेला होता. माथ्यावर हद्दीच्या दगडाला असते तशी लाल फुली.

गुरूचे चंद्र तोंडपाठ असलेल्या मास्तरांना या दगडाची माहिती नव्हती. आधी ते म्हणाले गवंडी विसरला असेल, मग म्हणाले मोजणीवाल्याची चूक असेल, आणि मग त्यांना देवापुढे दिवा लावायची आठवण झाली.

"भाऊ," बाई मला म्हणाल्या, "तें चंद्राचें काढून उडयात. ह्या फातराचें बरयात." (ते चंद्राचे काढून टाका. या दगडाचे लिहा.)

पाच ड्रोनचे कलम मी पुन्हा एकदा वाचून मग खोडले. अर्ज उरला चार ओळींचा.

सकाळी निघालो तेव्हा बाई त्या चिऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मोजणीदार येईपर्यंत उठणार नाही म्हणाल्या. इथल्या दगडांना पाय फुटतात. मास्तरांच्या खिडक्या बंद होत्या.

पेडण्याच्या कचेरीत कारकुनाने अर्ज शेवटपर्यंत वाचला. माझ्या अर्जांच्या बाबतीत असे पूर्वी घडल्याचे स्मरत नाही. मोजणीदार परवा पाठवतो म्हणाला. म्हणजे बाईंना परवापर्यंत बसणे आले.

डिचोलीच्या परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट खटकत राहिली. मास्तर आकाशाविषयी एक अक्षरही खोटे बोलले नव्हते.