माझे दात बघणारे मामा

दुसऱ्याच्या तोंडात आमच्या मामांइतकं डोकावलेला माणूस भाईंदरात झाला नाही, आणि दुसऱ्याच्या संसारात त्यांच्याइतकं नाक खुपसलेलाही. मामा म्हणजे आईचे मानलेले भाऊ. उमेदीची वर्षं ते मुंबईच्या एका इस्पितळात, गरमी-परम्याच्या, म्हणजे गुप्तरोगांच्या खात्यात कंपाउंडर होते. ज्या रोगांचं नाव लोक कुजबुजतही घेत नसत, ते मामा खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असं घेत. हळदीला गेले की पिवळ्याधमक नवरदेवालाच विचारत, "रगत तपासलंस का रं?" नवरदेवाचा बाप काठी शोधायला जाई, तोवर हे सगळ्या मांडवाला इस्पितळाची वाट सांगून मोकळे. "मागल्या दारानं जा. पैसं घेत न्हाईत, कोनाला सांगत न्हाईत." गावाने त्यांना बोलावणं बंद केलं, तरी मामा जातच. पुढे चार दिवसांनी त्याच मांडवातला एखादा मिठागराच्या बांधावर त्यांना एकटं गाठून वाट पुन्हा विचारी.

माझ्यावर तर त्यांचा जुलूमच होता. माझे दुधाचे दात पडायला लागले तेव्हापासून दर रविवारी मामा हजर. "आ कर रं." मला उन्हाकडे तोंड करून उभं करत आणि बाजारात बैल बघावा तसे दात बघत. आई चूल सोडून दारात येई. एकदा चिडून मी त्यांच्या बोटाला चावलोही. वरचे पुढचे दोन दात पुरते आले त्या रविवारी मामांनी त्यांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सरळ हायत गो बाय, खाच न्हाय," असं आईला म्हणाले आणि ओटीवर बसून रडले. आईही रडली. मला गुळाचा खडा मिळाला, मी खूश.

त्या रडण्याचं कारण आईने मी मोठा झाल्यावर सांगितलं. माझ्याआधी तिची तीन बाळं पोटातच गेली होती. आजीने वडिलांसाठी दुसरी मुलगी बघितली, आईचं गाठोडंही बांधलं. मामा दारात आडवे झाले. "दुसरी आनाल तर तिचीबी हीच गत. आदी दोघांचं रगत बघा!" वडील मिठाच्या गलबतांवर बंदरं फिरलेले; गरमी त्यांच्याकडून आईला लागली होती. मामांनी दोघांना दीड वर्ष दर आठवड्याला इंजेक्शनला नेलं, मग मी झालो. पण पोटातच बाळाला रोग लागला असेल तर पुढे पक्क्या दातांना खाच पडते, म्हणून आई आणि मामा इतकी वर्षं माझ्या दातांची वाट बघत होते.

मामा गेले, त्यांनी तपासलेले दातही गेले. आता कवळी आहे. तरी रविवारी सकाळी ती बसवण्याआधी मी उन्हाकडे तोंड करून आ करतो. सून विचारते, "बाबा, हे काय करताय?"

"मामांना दाखवतोय," मी म्हणतो.