पायवाल्या सिस्टर

तो प्रश्न सिस्टर कधीच तोंडाकडे बघून विचारत नसत. शुगरच्या ओपीडीत त्या आम्हाला चपला काढून बाकावर बसवत, स्वतः खाली स्टुलावर बसून एकेक पाय मांडीवर घेत, बोटांच्या बेचक्यात जखम शोधत आणि मान न उचलता म्हणत, "पायाचं मले दिसते. घरचं तुमी सांगा. बायकोजवळ काही अडचण?" म्हणून त्या पायवाल्या सिस्टर. माणसाला उत्तर त्यांच्या पांढऱ्या टोपीला द्यावं लागे. ते सोपं जाई. सत्तरच्या दशकात नागपुरात आम्हाला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरही विचारत नसत.

बहुतेक जण आधी चिडत. वाडीच्या गोदामावरचे एक म्हातारे चौकीदार म्हणाले, "या वयात काय विचारता वं बाई?"

"वयाचं नाही विचारत, काका. शुगरचं विचारून राहिली."

मग म्हातारा बराच वेळ बोलला.

मी तेव्हा अडतीस वर्षांचा, इतवारीत भांड्यांच्या दुकानात कामाला. दोन वर्षं बायकोजवळ गेलो नव्हतो. जमतच नव्हतं. सांगायची लाज, म्हणून तिच्यावर खेकसत असे. माझं बाहेर काही आहे, असं ती धरून बसली होती. त्या टोपीला मी सगळं सांगितलं. सिस्टरनी पुढच्या मंगळवारी बायकोला बोलावलं आणि माझे पाय बघता बघता तिला म्हणाल्या, "यायले दुसरी कोणी नाही, बाई. यायले शुगर आहे. जशी डोळ्याले लागते, तशी तिथंही लागते." बायको तिथेच रडली. त्रास पूर्ण गेला नाही, पण आम्ही पुन्हा एका खोलीत झोपू लागलो.

मग कुणीतरी तक्रार केली, की ही बाई पुरुष पेशंटांशी घाण बोलते. चौकशीत मला बोलावलं. जबाब लिहून घ्यायला बसलेला कारकून नेमका आमच्या गल्लीतला.

"तुम्हाला तसा काही त्रास होता?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग बाईंनी विषय काढला कशाला?"

"त्यांनाच माहीत."

आज लिहून ठेवतो, त्रास होता. सिस्टर दारापाशी उभ्या होत्या. माझा केसपेपर त्यांच्या हातात होता, त्यावर तो त्रास त्यांनीच लिहिलेला. तो पुढे केला असता तर त्या सुटल्या असत्या. त्यांनी तो उघडला नाही.

त्यांना इमारतीमागच्या चादरींच्या खोलीत टाकलं. बायकोने एकदाच विचारलं, "तुमी काहून खोटं बोलले जी?" मी माफी मागायला गेलो तेव्हा सिस्टर घड्या घालत होत्या. वर बघितलं नाही.

"माह्यं राहू द्या," त्या म्हणाल्या. "इथं काम कमी आहे. पण त्या बाकावरचे आता कोणाले सांगतीन?"

पुढच्या मंगळवारी नव्या सिस्टरनी पाय न बघताच सुई टोचली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाने हळूच विचारलं, "भाऊ, त्या पायवाल्या सिस्टर कुठं गेल्या? मले त्यायले एक सांगायचं होतं."

"मले नाही माहीत गा," मी म्हणालो.

तो नंबर यायच्या आधीच उठून गेला. मी हाक मारली नाही.