ट्रकला बांधलेली मुहपत्ती

लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाणी गाळायला शिकवलं. आमचं माहेरही जैन, तिथेही पाणी गाळूनच पीत, त्यामुळे मला वाटलं, यात काय शिकायचं. पण सासूबाईंची, म्हणजे पानाबाईंची, रीत पूर्ण होती. विहिरीचं पाणी दुहेरी कपड्यातून गाळलं की कपड्याला जे बारीक जीव लागले असतील ते गाळलेल्याच पाण्याने हलके धुवायचे आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं. वरून ओतायचं नाही, बादली पाण्याला टेकवून तिरपी करायची. एकदा घाईत मी ते मोरीत ओतलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तारा, तुले कोनी उचलून भलत्याच गावात नेऊन टाकलं तं तू काय करशीन?"

मी म्हणाले, "तेच तर झालं माझं, सासूबाई."

त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. दुपारी दुकानातून सासरे आले तर त्यांनाही सांगितलं. अशा होत्या. धर्म कडक, माणूस कडक नाही.

पण एका गोष्टीला सगळं घर भ्यायचं. त्यांना काही पटलं नाही तर त्या भांडत नसत, जेवण सोडत. आमचे सासरे केशरीचंद यांचं बाजारात अडतीचं दुकान होतं, शेतकऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी दिवसभर बोलून त्यांचा आवाज बसलेला असायचा. पण सासूबाईंनी ताट दूर सरकवलं की ते मुकाट होत. त्या नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहत, कामं सगळी करत, आणि आम्ही घास गिळताना त्यांच्याकडे बघायचं टाळत असू.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आगेमागे दुकानासाठी जुना ट्रक घेतला. तो चालवायला धरमसिंग आला. पोहरादेवीकडच्या तांड्यातला हा बंजारा माणूस, गाडी चालवायचा आणि दुरुस्तही तोच करायचा. सासूबाईंना 'माय' म्हणायचा. त्या त्याला गूळ-शेंगदाणे द्यायच्या आणि तो बिडी विझवून घ्यायचा. माझे यजमान कैलासचंद मालाबरोबर त्याच्या शेजारी बसून अकोल्याला जात-येत.

चौमासा, पावसाळ्याचे चार व्रताचे महिने, लागला. एके दिवशी सकाळी धरमसिंगने अंगणात ट्रकचं बॉनेट उघडलं आणि हवेच्या गाळणीचं डबडं खोलून खाली ठेवलं. मी आणि सासूबाई ओसरीवर ज्वारी निवडत होतो.

"हे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"एअर क्लीनर, माय. इंजिनाले हवा लागते, तं ते हवा याच्यातून गाळून जाते. खाली तेल रायते. धूळ त्या तेलात बसते."

हवाही गाळतात, हे ऐकून त्या खूश झाल्या. सूप बाजूला ठेवून उठल्या. "पाहू दे मले."

धरमसिंगने डबड्याच्या बुडाचा वाडगा काढून त्यांच्यासमोर धरला.

मी त्यांच्या मागेच होते. काळ्या तेलावर साय यावी तसा थर होता. नीट पाहिलं तर ती पाखरं होती. पंखाच्या वाळव्या, चिलटं, पाकोळ्या, हिरवे तुडतुडे, एकावर एक. ट्रक संध्याकाळी निघायचा, दिव्यांच्या उजेडावर ही सगळी झेपावत आणि हवेबरोबर आत ओढली जात. एक पाकोळी अजून पाय हलवत होती.

सासूबाई वाडग्यापाशी खाली बसल्या. मग बोटाने ती पाकोळी उचलायला गेल्या तर तिचा पंख बोटाला चिकटून आला. रोज जी ज्वारी आम्ही एकेक दाणा पाहून निवडत होतो, ती या गाडीतून येत होती.

"मिच्छामि दुक्कडं," एवढीच त्या जिवांची क्षमा मागून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची शपथ, घेतलं. या गाडीत असे जीव मरत असतील तर त्या गाडीनं आलेलं अन्न घेणार नाही.

वाशीमच्या अडत्याच्या घरात गाडीनं न आलेलं अन्न कुठून आणायचं? सासऱ्यांनी बैलगाडीतून आलेली ज्वारी दाखवली. त्या म्हणाल्या, "ते घ्याले पैसा कोनत्या गाडीचा?" त्या पाण्यावर राहिल्या. आठवडा उलटला तशा जिना चढताना कठड्याला धरून थांबू लागल्या. डॉक्टर घरी येऊन गेले आणि सासऱ्यांना बाहेर नेऊन बोलले. त्या दिवशी सासरे दुकानात गेले नाहीत, ओसरीवरच बसून राहिले.

त्यावर उपाय शोधला तो सासूबाईंनीच. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना आम्ही तोंडाला मुहपत्ती बांधतो, श्वासाने जीव मरू नयेत म्हणून. त्या म्हणाल्या, गाडीच्या तोंडालाही बांधा. पाणी गाळायच्या मांजरपाटाचा चौकोन त्यांनी चार पदरी शिवला, नाड्या लावल्या आणि हवा आत घ्यायच्या तोंडावर स्वतः बांधला. खेप करून आल्यावर कपडा सोडायचा, बसलेले जिवंत कीटक बाहेर झाडाखाली झटकायचे, कपडा धुऊन पुन्हा बांधायचा. धरमसिंगने डोकं खाजवलं. म्हणाला, "माय, चार पदर लय होतात."

"पान्याले दोन लागतात. हवेतले जीव बारीक असतात."

पुढच्या खेपेला वाडगा उघडला तर तेल जवळजवळ स्वच्छ होतं. त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत सासूबाईंनी मुगाचं पाणी घेतलं. सासरे जैन स्थानकात साधूंना वंदन करून आले. मलाही वाटलं, किती सोपं होतं हे.

त्यानंतर ट्रक काळा धूर सोडू लागला. आधी चढावर, मग सपाटीवरही. आमच्या दारातून निघाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. धरमसिंगने एकदा मागच्या गल्लीत ट्रक उभा करून धुराचा पाइप आणि इंजिनाचं डोकं खोललं. मी डबा द्यायला गेले होते. धूर बाहेर जायच्या वाटेवर बोटभर जाड काजळी चिकटली होती, जळलेल्या दुधासारखी कडक. तो ती पटाशीने खरवडत होता, डिझेलमध्ये चिंधी बुडवून पुसत होता.

"हे कायचं?" मी विचारलं.

"हवा पुरून नाई राह्यली, वहिनी. डिझल अर्धं जळते, बाकीचं हे होते. मी मोठ्या शेठले सांगतलं."

"मग?"

"शेठ म्हणे, गप राह्य. खरवडत जा, पन घरात बोलू नको."

मी घरी येऊन यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "आई आता कुठे जेवायला लागली आहे. कपडा काढला की ताट बंद. तुला पाहवेल का?" मलाही पाहवलं नसतं. सासूबाई काजळीचे कपडे पुन्हा धुवायला घेत तेव्हा विचारत, "हा धूर काहून वाढला?" आणि आम्ही म्हणत असू, जुनी गाडी आहे.

श्रावण संपत आला होता. तुरीचे कट्टे भरून ट्रक दुपारीच निघाला होता. मेडशीच्या पुढे घाट लागतो. तिथे पावसाने गाठलं आणि चार पदरी मांजरपाट भिजला. ओल्या कपड्यातून हवा जाईना. भर चढावर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकलाही जोर नाही. भरलेला ट्रक हळूहळू मागे सरकू लागला. माझे यजमान चाकामागे दगड लावायला उडी मारून उतरले. दगड लागला, पण ओल्या मातीत तो चाकासकट घसरला आणि त्यांचं पाऊल खाली आलं. धरमसिंगने स्टीअरिंग वळवून ट्रकचं बूड डोंगराला नेऊन टेकवलं, म्हणून गाडी दरीत गेली नाही आणि हे वाचले.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की दवाखान्यात या. खाटेवर ते होते, पांढरे पडलेले, आणि पायाच्या जागी कापसाचा मोठा गोळा. अर्धं पाऊल काढावं लागलं. मी नवकार मंत्र म्हणायला लागले तर मला पुढचं पद आठवेना. लहानपणापासून म्हणत आलेली मी, मला आठवेना.

सासूबाई मुलाच्या उशाशी उभ्या होत्या. धरमसिंग भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या कपड्यांवर रक्त होतं. ते कोणाचं, हे मी विचारलं नाही.

"कशानं बंद पडली गाडी?" सासूबाईंनी विचारलं.

तो सासऱ्यांकडे बघत राहिला. सासरे खाली बघत होते.

"धरम, मी तुले विचारून राह्यली."

"कपडा भिजला, माय. हवा कोंडली. तसं तं आधीपासूनच कोंडत होती. तो धूर त्याचाच."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

खाटेवरून माझे यजमानच बोलले, अगदी हळू. "तू जेवण सोडलं असतंस, आई."

त्या आमच्याकडे एकेकाकडे पाहत गेल्या. त्यांचा तो चेहरा मी त्या वाडग्याच्या दिवशीही पाहिला नव्हता.

"मायी एवढी भीती?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, उपास माया एकटीचा आहे."

दुसऱ्या दिवशी धरमसिंगने ट्रक अंगणात आणला. कपडा त्याने घाटातच कापून टाकला होता. तो दारातूनच म्हणाला, "माय, मी नोकरी सोडतो. पन पोहरादेवीची आन, आता गाडीले कपडा नाई बांधत." सासूबाईंनी दवाखान्यातून आल्यापासून काही घेतलं नव्हतं. सासरे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. कपडा नाही म्हणजे वाडग्यात जीव. वाडग्यात जीव म्हणजे ताट बंद. आणि या वेळी ते अंग उपासाला टिकणारं नव्हतं.

सासूबाई बाहेर आल्या. "नोकरीचं मंग पाहू. डबडं खोल."

त्याने खोललं. कपड्याशिवाय ट्रक रात्रीचा घाटातून वाशीमपर्यंत आला होता. काळ्या तेलात पुन्हा पाखरं होती.

त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि हात वाडग्यात घातला. सासरे "अगं" म्हणून पुढे आले. त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यात ज्यांनी पूंजणीच्या मऊ कुंच्याने झाडल्याशिवाय चूल पेटवली नाही, त्या पानाबाई ओंजळीने मेलेले जीव काढून माझ्या हातातल्या पळसाच्या पानावर ठेवत होत्या. मी पान धरून उभी राहिले. मग त्यांनी वाडगा डिझेलने धुतला, आतली तारेची जाळी धुतली, आणि धरमसिंगला विचारून खुणेपर्यंत नवं तेल ओतलं. पानावरचं सगळं त्यांनी परसात माती उकरून ठेवलं, हात जोडले.

"हे पाप नाही असं मी म्हणत नाही," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "पाप आहे. पन ते या वाडग्यात मले दिसते. कपडा बांधला तवा कैलासचा पाय मले कुठं दिसला? चौमाशात गाडी अंधार पडल्यावर चालवू नका. धंदा कमी झाला तं होऊ द्या. आन हा वाडगा दर आठवड्याले मी साफ करीन. दुसऱ्यानं नाही."

"आणि जेवण?" सासऱ्यांनी विचारलं. घरात कोणीच जे विचारू धजत नव्हतं ते.

त्यांनी हात राखेने घासले. नखांतलं काळं काही केल्या निघालं नाही. तशाच त्या चुलीपाशी पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तारा, वाढ." ज्वारी त्याच गाडीची होती, त्यांना ठाऊक होतं. मी भाकरी वाढली. त्यांनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला, डोळे मिटून. मग गिळला. सासरे दारात उभे होते, ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यात तोंड लपवलं.

सासूबाईंनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली मला डब्यात बांधायला सांगितली, कैलाससाठी.