गॅलरीतले ओले कोट

लोकशाहीत सामान्य माणसाचं भवितव्य विधानसभेत ठरतं, यावर माझी श्रद्धा आहे; फक्त ओल्या लोकरी कोटाचा वास आला की ती जरा डळमळते. २००८च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या राज्याने व्हिसावरच्या लोकांची ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करणं बंद केलं होतं. ते पुन्हा सुरू करणारं बिल त्या दिवशी चर्चेला येणार होतं, म्हणून मी आणि माझा नागपूरचा मित्र बर्फातून राज्याच्या राजधानीला गेलो. त्याचं लायसन्स शुक्रवारी संपत होतं. ऑफिस तीस मैलांवर आणि बस नव्हतीच. ओले कोट मांडीवर घेऊन आम्ही विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसलो. खाली आमदार एका शाळेच्या कुस्ती संघाचं अभिनंदन करत होते. प्रत्येक पोराचं नाव, प्रत्येक नावाला टाळ्या. "आपलं बिल कधी घेणार यार?" मित्राने विचारलं. "आधी शेवटच्या पैलवानाचा नंबर लागू दे," मी म्हणालो. तो हसला नाही. अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला, अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि बिल पुढच्या आठवड्यावर ढकललं गेलं. पुढे काही आठवड्यांनी ते पास झालं, माझं लायसन्स आजही चालू आहे. मित्र मात्र तोवर नोकरी गमावून नागपूरला परतला होता. त्या दिवशी पार्किंगमध्ये आम्ही काचेवरचा बर्फ खरवडत असताना ते नुकतीच लायसन्स हाती पडलेले सोळा वर्षांचे पैलवान आपापल्या गाड्या चालवत निघून गेले.